दुसऱ्या पत्त्यावर गेलेली मखरं

त्या मखरांचं प्रकरण मला अजून स्वच्छ आठवतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, द्रुतगती मार्गावरचे अपघात तर इतके पाहिले की हिशेब ठेवणं सोडून दिलं. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. हे प्रकरण कुणाला सांगायला गेलो तर समोरचा म्हणतो, "एवढंच?" हो, एवढंच. कुणाचं डोकं फुटलं नाही की कुणाच्या घराचं कुलूप तुटलं नाही. तरी संध्याकाळी घरात एकटा बसलो की मला तेच आठवतं, आणि सध्या मी बहुतेक संध्याकाळी एकटाच असतो.

तेव्हा मी खालापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. आषाढ सरत आला होता. गणपतीचे दिवस जवळ आले की ठाण्यात मंडळांची ये-जा सुरू होते, शांतता समितीच्या बैठका लागतात आणि बंदोबस्ताच्या याद्या तयार करताना रजा मागणारे कर्मचारी तोंड लपवून फिरतात. अशाच एका सकाळी हजेरी आटोपून मी बसलो होतो, तेवढ्यात एक बाई आत आल्या. माहेर कडावचं, सासर खोपोलीचं. शिळफाट्याजवळ एका शेडमध्ये त्यांचा मखरांचा कारखाना होता. थर्माकोल बंद झाल्यावर त्यांनी पातळ प्लायवूडची, घडी घालून पिशवीत ठेवता येतील अशी मखरं काढली होती. गावातल्या पंधरा-वीस बायका तिथे कामाला होत्या.

बाईंनी मोबाइल माझ्यासमोर धरला. कल्याणकडच्या कुठल्याशा व्यापाऱ्यानं यंदाच्या मखरांची जाहिरात काढली होती.

"सायेब, ही मखरं आमची हायेत. अजून शेडच्या बाहेर गेली नायत आणि ह्याच्याकडं ही विकायला. गेल्या साली एक गेलं, तवा वाटलं योगायोग असंल. यंदा चारही गेली. आमी बाजारात उतरायच्या आधीच लोक बोलणार, तुमीच नक्कल केली."

"डिझाइन कोण करतं?"

"शेलूला एक काका राहतात. लय वर्सं करतात आमच्याकडं. त्यांच्यावर संशय घ्यायला जीव धजत नाय. पण दुसरं हाय कोण?"

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षकाच्याच दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो, म्हणून ते प्रकरण माझ्याच टेबलावर पडलं. खरं सांगतो, मला वैताग आला होता. मला मोबाइलवर आलेला फोटो नीट मोठा करून बघता येत नव्हता, आणि मी शोधायचं काय, तर फाइल!

आधी ती फाइल जाते कशी, हे समजून घेतलं. एका मखराचं चित्र, प्रत्येक तुकड्याच्या कापणीची रेषा, रंगाचे नमुने, सगळं मिळून फाइल इतकी जड होते की साध्या ईमेलमधून जातच नाही. पूर्वी काका पेनड्राइव्ह घेऊन स्वतः यायचे. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी एक फुकटची साइट शोधली. तिथे फाइल चढवायची, तिला पासवर्ड लावायचा, मग एक लिंक मिळते, ती मेलनं पाठवायची. काही दिवसांनी लिंक आपोआप बंद होते. समोरच्यानं फाइल उतरवून घेतली की पाठवणाऱ्याला त्याच क्षणी मेल येतो, तुमची फाइल डाउनलोड झाली. पैसा लागत नाही. काका पासवर्ड कधी लिहून पाठवायचे नाहीत, फोन करून बाईंना तोंडी सांगायचे. एवढी काळजी तर आमच्या खात्यातही कुणी घेत नाही. त्यामुळेच संशय वाढला. किल्ली दोघांकडेच असेल आणि त्यातल्या एकानं फिर्याद दिली असेल, तर उरतो कोण?

त्यात आमच्या हवालदारानं एक खबर आणली. शिळफाट्यावर प्लायवूड वाहणारा एक टेंपोवाला त्याच्या ओळखीचा होता. त्याला हवालदारानं चहा पाजून विचारलं, "काय रं, मखरांचं काय कानावर?"

"कल्याणवाल्याचा माल मीच टाकला की एकदा," टेंपोवाला म्हणाला. "त्याचा मानूस बोलत व्हता, आमची डिझाइनं कर्जतच्या बाजूनं येतात. जास्त मला नाय म्हाईत. माझं नाव नका घेऊ, सायेब."

कर्जतच्या बाजूनं म्हणजे शेलूही आलंच. हवालदार मला म्हणाला, "साहेब, चोर म्हाताराच." मलाही तसंच वाटलं.

काकांना नोटीस देऊन बोलावलं. सत्तरीकडे झुकलेले, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. एकेकाळी ठाणे शहरातल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. पत्नी गेल्यावर डोंबिवलीची जागा विकून शेलूच्या नव्या इमारतीत राहायला आले होते. लॅपटॉप स्वतःच घेऊन आले, मागावाही लागला नाही. गुन्हेगार बहुतेक आधी रागावतो किंवा जास्त बोलतो. हे गृहस्थ दोन्ही करेनात. विचारलेल्या प्रश्नाला तेवढंच उत्तर.

पंचांसमोर त्यांचा मेल उघडला आणि चोरी तिथेच सापडल्यासारखं वाटलं. प्रत्येक मखराची लिंक दोन पत्त्यांवर गेली होती. एक बाईंचा, दुसरा अनोळखी. दोन्हीकडून फाइल डाउनलोड झाल्याची पोच आली होती. प्रत्येक वेळी, न चुकता.

"हा दुसरा पत्ता कुणाचा?"

काका चष्मा काढून पुसायला लागले.

"काका, हे मखर बाईंच्या मालकीचं आहे. तुम्ही ते बाहेर पाठवलंत. किती मिळाले?"

तेव्हा त्यांनी मान वर केली. "पैशांचं बोलू नका हो साहेब."

"मग कशाचं बोलू?"

मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, अटकेची भीती घातली. ते नुसते चष्मा पुसत राहिले. शेवटी मी तो मेल पूर्ण उघडून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. बाईंच्या मेलमध्ये नुसती लिंक असायची. या मेलमध्ये लिंकखाली दोन-चार ओळी होत्या. 'या वेळी कमानीची गोलाई कमी घेतली आहे. खांब तुझ्या जुन्या पद्धतीनं केलेत. तू असतास तर नक्की काहीतरी खोट काढली असतीस. पासवर्ड खाली दिला आहे. जेवणाची आबाळ करू नकोस. बाबा.'

मी वाचायचं थांबलो. हवालदार उठून पाणी आणायला गेला, वास्तविक पाणी टेबलावरच होतं.

"माझा मुलगा," काका म्हणाले. "बंगळूरला असतो. म्हणजे असावा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलगाही हेच काम शिकला होता, वडिलांच्याच हाताखाली. त्याची आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत असताना काका घरी एका मखराचं काम पुरं करत बसले होते, कारण दुसऱ्या दिवशी कापणी सुरू व्हायची होती. ते पोहोचले तेव्हा उशीर झाला होता. मुलगा तेव्हा एक शब्द बोलला नाही, नंतरही बोलला नाही. नोकरीसाठी निघून गेला, नंबर बदलला. काकांकडे त्याचा एक जुना मेलचा पत्ता तेवढा उरला होता. त्यावर लिहिलेल्या पत्रांना उत्तर येईना. एकदा सहज त्यांनी नव्या मखराची फाइल त्यावर पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी पोच आली, फाइल डाउनलोड झाली.

"बोलत नाही, पण काम बघतो माझं," काका म्हणाले. "साहेब, मला तेवढं पुरतं. नवं मखर झालं की पाठवतो. एकदा बरेच दिवस पोच आली नाही, लिंक बंद पडली. म्हटलं कामात असेल, परत पाठवली. लगेच घेतली त्यानं."

"आणि पासवर्ड मेलमध्ये लिहिलात?"

"फोनवर सांगायला तो फोन कुठे घेतो?"

एवढी मजबूत व्यवस्था फुटली ती याच एका जागी. बाईंना फोन लागायचा, म्हणून त्यांच्या फाइलची किल्ली सुरक्षित राहिली. मुलाला फोन लागत नव्हता, म्हणून त्याच्या मेलमध्ये कुलूप आणि किल्ली एकत्रच जात होती.

माझ्या डोक्यात मात्र त्या वेळी एकच होतं: बापाचं काम विकणारा मुलगा. मला त्याचा भयंकर राग आला. अलिबागच्या सायबर सेलमार्फत आम्ही मेल कंपनीला पत्र दिलं, तो मेल कुठून उघडला जातो ते कळवा म्हणून. उत्तर यायला वेळ लागला. तोवर बाई दोनदा येऊन गेल्या. शेडमधलं काम थांबलं होतं, कापलेले तुकडे तसेच पडून होते. मुलाचं कारण मी त्यांना सांगितलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "काकांना जास्त तरास देऊ नका. डबा पाठवू का त्यांना?" फिर्यादीच आरोपीला डबा पाठवायचं विचारते, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

उत्तर आलं. मेल बंगळूरहून उघडला जात नव्हता. तो उघडला जात होता कर्जतच्या बाजारपेठेतल्या एका इंटरनेट जोडणीवरून.

मी काकांना पुन्हा बोलावलं आणि सरळ विचारलं, "तुमचा मुलगा कर्जतला राहतो का?"

"कर्जतला?"

"हो. मेल तिथून उघडतात."

"म्हणजे तो इकडे आलाय?" काका उभे राहिले. "शेलूहून कर्जत कितीसं हो? मी भाजीला जातो कधीकधी कर्जतला." त्यांनी खुर्चीखाली पायानं चपला शोधायला सुरुवात केली. चेहरा एकदम उजळला होता. तो चोर निघाला तरी त्यांना चालणार होतं. तो जवळ आहे, एवढंच त्यांनी ऐकलं होतं.

"तुम्ही इथेच थांबा," मी म्हटलं.

"मी बाहेर उभा राहीन. आत येणार नाही."

"काका, बसा."

पंच घेतले, हवालदार आणि एक महिला शिपाई घेतली, कर्जत ठाण्याला कळवलं आणि निघालो. त्या जोडणीचा पत्ता फ्लेक्सच्या एका दुकानाचा निघाला. वाढदिवसाचे, श्रद्धांजलीचे, उद्घाटनाचे फलक, सगळे एका भिंतीला टेकवलेले. काउंटरवर एक जुना संगणक, आणि त्यावर काकांच्या मुलाचा मेल राजरोस उघडा होता. मुलगा मात्र नव्हता.

दुकानदार आधी उडवाउडवी करू लागला. मग कळलं ते असं. घर सोडल्यावर, बंगळूरला जाण्याआधी, काकांच्या मुलानं त्यांना न कळवता काही महिने या दुकानात काम केलं होतं. अशा दुकानांत एक रीत असते. गिऱ्हाईक फोटो कुठे पाठवू म्हणून विचारतं आणि कामगार आपलाच मेल सांगून मोकळा होतो. मग तो पत्ता गिऱ्हाइकांच्या तोंडी बसतो, बिलावर छापला जातो आणि दुकानाचाच होऊन जातो. मुलगा गेला, मेल तिथेच उघडा राहिला. त्यानं तो परत मागितला नाही, कारण त्या पत्त्यावर कोण लिहितं ते त्याला ठाऊक होतं आणि ते त्याला नको होतं.

"साहेब, मी काही फोडलं नाही," दुकानदार म्हणाला. "मेल उघडाच होता. पासवर्डपण खाली लिहिलेला."

"दार उघडं दिसलं म्हणून लोकांचं कपाट उचलून आणशील का?"

त्यानं मान खाली घातली. पहिली फाइल त्यानं नुसती उत्सुकतेनं उघडली होती. मग कल्याणचा व्यापारी भेटला. मी विचारलं, "खालचं लिहिलेलं वाचायचास?"

"नाही साहेब."

"खरं सांग."

"वाचायचो." त्यानं कीबोर्ड बाजूला सारला. "एकदा वाटलं, उत्तर लिहावं की हा मेल आता त्याचा नाही. पण मग फाइली यायच्या बंद झाल्या असत्या. लग्नसराईत एकदा विसरलो, तर त्यांनी परत पाठवली. तेव्हापासून आली की लगेच घ्यायचो."

संगणक जप्त केला, पंचनामा झाला, दुकानदाराला ताब्यात घेतलं. तपास अधिकाऱ्याला असा दिवस चांगला वाटायला हवा. गुन्हा उघडकीस आला होता. मी मात्र चालकाला गाडी हळू घ्यायला सांगितली, कारण ठाण्यात काका वाट बघत होते.

ते बाकावरच होते. माझ्यामागून आणखी कुणी येतंय का, ते वाकून बघत होते. मी त्यांना आत नेलं, दार लोटलं आणि सगळं सांगितलं. सौम्य करून सांगायचा विचार केला होता, पण साक्षीला उभं राहिल्यावर कोर्टात त्यांना ते तसंच ऐकावं लागलं असतं.

"म्हणजे त्या सगळ्या पोचा…"

"हो."

"एकसुद्धा त्याची नाही?"

"नाही, काका."

ते रडले नाहीत. खिशातलं एक पेन काढलं, टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, "मला वाटायचं, बघतो आणि आवडत नाही, म्हणून काही लिहीत नाही. तसं नव्हतं तर. त्यानं बघितलीच नाहीत."

मी शिपायाला चहा आणायला सांगितलं.

मुलाचा नंबर दुकानदाराकडे मिळाला. जबाबासाठी तो आला, बंगळूरहून पुण्यापर्यंत विमानानं आणि पुढे टॅक्सीनं. नीट, अबोल मुलगा. रीतीप्रमाणे मी मेलच्या छापील प्रती त्याच्यासमोर ठेवल्या आणि विचारलं, हे तुम्ही पूर्वी पाहिले होते का? त्यानं वरचे दोन वाचले. बाकीचे उलटे करून ठेवले. "नाही पाहिले," म्हणाला आणि सही केली. मी म्हटलं, "शेलू इथून फार लांब नाही." तो म्हणाला, "माहीत आहे." टॅक्सी बाहेर उभी होती. ती पुण्याच्या दिशेनं गेली.

काकांनी नंतर मला एकच विचारलं, "कसा दिसतो?"

"चष्मा लागलाय."

"मलाही त्याच वयात लागला होता," ते म्हणाले.

बाईंनी काकांना काढलं नाही. त्या स्वतः शेलूला जाऊन म्हणाल्या, "काका, चूक झाली ती झाली. आता कमानी बदलून द्या, नायतर माझ्या बायका बसून राहतील." काकांनी झपाटून काम केलं, चारही मखरांच्या कमानी बदलल्या. माल उशिरा उतरला, पण उतरला. त्या गणपतीत बाईंनी आमच्या ठाण्याच्या गणपतीला एक मखर पाठवलं. मी नियमाप्रमाणे परत केलं, हवालदार माझ्यावर दोन दिवस रुसला होता.

लोक विचारतात, या प्रकरणातून काय शिकलात. व्यवहाराचं सांगायचं तर काम सोडताना आपला मेल बंद करून जावा, आणि फाइल ज्या वाटेनं जाते त्या वाटेनं पासवर्ड पाठवू नये. तपासात आम्ही आधी विचारतो, फायदा कुणाचा झाला. त्यानंतरच्या नोकरीत मी आणखी एक विचारायला लागलो, या माणसाच्या घरी कोण येतं-जातं, हा बोलतो कुणाशी. पुष्कळ भानगडी लोभातून होतात हे खरंच आहे. पण चांगला, काळजी घेणारा माणूस आपलं दार उघडं टाकतो तेव्हा बहुतेक वेळा आत कुणीतरी यावं म्हणूनच टाकतो.

निवृत्त झाल्यावर मी नेरळजवळ राहायला आलो. पत्नी आधीच गेली होती, मुलगी परदेशात. तिचे फोन येतात, तिच्या सवडीनं. एकदा बाजारात काका भेटले. बोलता बोलता म्हणाले, आता रिकाम्या वेळात स्वतःची चित्रं काढतो, कारखान्याची नव्हेत. देव्हारे, झरोके, कुणी न मागितलेलं काहीबाही. पण दाखवणार कुणाला?

मी त्यांना माझा मेलचा पत्ता दिला. म्हटलं, "एक अट आहे. पासवर्ड लिहायचा नाही. फोन करून सांगायचा."

"फाइल लहान असते हो, नुसती मोबाइलवरही येईल."

"असू दे. आपण पद्धत सोडायची नाही."

तेव्हापासून लिंक येते आणि पाठोपाठ फोन वाजतो. काका पासवर्ड सांगतात, मी तो कागदावर उतरवून घेतो, आणि मग आम्ही गुडघ्यांपासून भाताच्या भावापर्यंत बोलत बसतो. चित्रातलं मला आजही काही कळत नाही. पण फोन ठेवला की मी आधी चष्मा लावतो, संगणकापुढे बसतो आणि फाइल डाउनलोड करतो. तिकडे शेलूला त्यांना पोच गेलेली असते.